मार्टिन बेल: टीव्हीचा वार्ताहर ते अपक्ष खासदार, सारखे येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या उन्हाळ्यात सांगलीत पत्रकारिता शिकणाऱ्या काही पोरापोरींपुढं तासभर बोललो होतो, विषय होता बातम्या देणारा माणूसच निवडणुकीला उभा राहिला तर काय होतं. उदाहरण म्हणून बीबीसीच्या मार्टिन बेलचं घेतलं आणि तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत, काही पोरांचे, काही विश्रामबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचे, दोन तर आमच्या मेव्हण्याचेच. दरवेळी नव्यानं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. क्रम वगैरे लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

कोण हा मार्टिन बेल? आम्ही तर नावच ऐकलं नाही.

नाही ऐकलं तर काही बिघडलं नाही, तिकडचंच नाव ते. बीबीसीचा युद्धवार्ताहर. जन्म १९३८ चा, इंग्लंडच्या सफोक भागातला. केंब्रिजला शिकला, त्याआधी सक्तीची लष्करी नोकरी सायप्रसमध्ये केली, १९६२ ला बीबीसीत लागला आणि तीस वर्षांहून जास्त तिथंच राहिला. १९९७ ला नोकरी सोडून टॅटन नावाच्या मतदारसंघातून अपक्ष उभा राहिला, निवडून आला, चार वर्षं खासदार होता. एवढ्या ओळीत संपतंय खरं तर. पण मजा तपशिलात आहे.

रिपोर्टर म्हणून एवढा काय मोठा होता?

व्हिएतनाम, नायजेरिया, अंगोला, मध्यपूर्व, उत्तर आयर्लंड, असा फिरलेला माणूस. अकरा युद्धं आणि ऐंशीच्या वर देश. मधे बरीच वर्षं वॉशिंग्टनला होता. पण घराघरात चेहरा पोचला तो बोस्नियातल्या युद्धामुळं. ऑगस्ट १९९२ मध्ये साराजेव्होत कॅमेरा चालू असताना तोफगोळ्याचे छर्रे पोटाला लागून हा खाली पडला आणि ते लोकांनी घरी बसून बघितलं. बरा होऊन परत त्याच गावात गेला.

आता बघा, आपल्याकडं प्राइम टाइमला रोज आठ खिडक्यांत आठ माणसं ओरडत असतात, त्यातल्या अँकरचा चेहराही घराघरात पोचलेला असतोच की. फरक असा की बेलचा चेहरा दिसायचा तेव्हा मागं काहीतरी जळत असायचं आणि हा हळू आवाजात दोन-तीन मिनिटं बोलून गप बसायचा. चेहरा ओळखीचा असणं वेगळं आणि त्या चेहऱ्यावर लोकांचा भरवसा असणं वेगळं. माझ्या तासाभराच्या भाषणाचा सगळा अर्क एवढाच होता, बाकीचं चहाबरोबरचं भडंग समजा.

पांढरा सूट घालायचा म्हणे? आपल्या पुढाऱ्यांच्या खादीसारखं?

नाही हो. आपल्याकडं पांढरं घातलं की माणूस राजकारणात आला असं समजतात, कडक इस्त्री, खिशाला पेन, पांढरी गाडी. त्याचा सूट राजकारणाच्या आधीचा. १९९१ ला युगोस्लाव्हिया फुटायला लागला तेव्हा तो सूट घातलेला असताना गोळ्यांतून वाचला, मग शुभ म्हणून तोच धरून बसला. तोडगाच की, आमच्या मेव्हण्याच्या गाडीला लिंबू-मिरची असती तसला. पुढं निवडणुकीत मात्र विरोधकावर भ्रष्टाचाराचे आरोप आणि समोर हा नखशिखांत पांढरा, असं चित्र आपोआप तयार झालं. पैसे देऊन एजन्सी लावली असती तरी असं जमलं नसतं.

टॅटनमध्ये नेमकं झालं काय होतं?

हे जरा सविस्तर सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

टॅटन म्हणजे मँचेस्टरच्या दक्षिणेला चेशायरमधला श्रीमंत पट्टा. नट्सफर्ड, विल्म्सलो, अल्डर्ली एज ही गावं. काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा एकदम पक्का गड, म्हणजे दगड उभा केला तरी निवडून येईल म्हणतात त्यातला. तिथं १९८३ पासून नील हॅमिल्टन खासदार होते, नंतर राज्यमंत्रीही झाले. ऑक्टोबर १९९४ मध्ये 'द गार्डियन' पेपरनं बातमी छापली की हॅरॉड्स या लंडनच्या नामांकित दुकानाचे मालक मोहम्मद अल फायद यांच्याकडून, एका लॉबिंग करणाऱ्याच्या, म्हणजे पैसे घेऊन लोकांची कामं खासदारांपर्यंत पोचवणाऱ्याच्या, मार्फत, दोन खासदारांनी संसदेत प्रश्न विचारायचे पैसे घेतले. त्यातल्या टिम स्मिथ यांनी लगेच मंत्रिपद सोडलं. हॅमिल्टन यांनी मात्र सगळं नाकारलं. मंत्रिपद त्यांचंही गेलं, पण त्यांनी पेपरवर बदनामीचा दावा ठोकला. तो दावा १९९६ ला सुनावणीच्या तोंडावर मागं घ्यावा लागला. तरीही १९९७ ला स्थानिक पक्षानं उमेदवारी त्यांनाच दिली. इथं गाडी अडली.

विरोधकांची पंचाईत अशी की लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट दोघंही उभे राहिले तर मतं फुटणार आणि हॅमिल्टन आरामात येणार, मग दोघांनीही आपापले उमेदवार मागं घेतले आणि दोघांनाही चालेल असा एक स्वच्छ माणूस शोधला. तो हा बेल. मतदान १ मे ला आणि ह्याची घोषणा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. चोवीसेक दिवस मिळाले. आपल्याकडं एवढ्या दिवसांत बूथ कमिट्यांची रुसवेफुगवी पण संपत नाहीत.

दोन पक्षांनी वाट मोकळी करून दिली मग अपक्ष कसला तो?

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि तिकडंही लोकांनी हाच विचारला होता. माझं मत सांगतो. विजय त्याच्या एकट्याच्या पुण्याईवर मिळालेला नाही, हे आधी कबूल करायला पाहिजे. तिरंगी लढत झाली असती तर पांढरा सूट घालून हा तिसरा आला असता की काय कुणाला ठाऊक. गणित पक्षांनी जुळवून दिलं. पण निवडून आल्यावर तो त्यांच्या दावणीला बांधला गेला का, हे बघायला पाहिजे, आणि त्याचं उत्तर खाली संसदेच्या प्रश्नात आहे.

ते माळावरचं भांडण काय होतं?

अहो भांडण कसलं, पण झकास प्रसंग आहे. उमेदवारी जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, बेलनं नट्सफर्ड हीथ नावाच्या मोकळ्या मैदानावर पत्रकार परिषद ठेवली. सगळे कॅमेरे लागलेले आणि तेवढ्यात हॅमिल्टन नवरा-बायको स्वतःच तिथं हजर. बाई म्हणजे क्रिस्टीन हॅमिल्टन, जबरदस्त. त्यांनी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर ह्याला विचारलं, गुन्हा सिद्ध होईपर्यंत माझा नवरा निर्दोष आहे हे तुम्हाला मान्य आहे का? आणि हा तोफगोळ्यांत उभा राहिलेला गडी तिथं गडबडला, म्हणाला मान्य आहे. आता ते मान्य असेल तर तू उभा कशाला राहिलास बाबा? पहिल्याच दिवशी मार खाल्ला म्हणायचा.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण तीस वर्षं दुसऱ्याला प्रश्न विचारलेल्या माणसाला स्वतःला प्रश्न आला की तोंडाला कोरड पडते हे त्यात उघडं दिसतं. माइकच्या ह्या बाजूला असताना सगळं सोपं असतं. पोरांनो, हे लिहून ठेवा. पण मतदारांनी त्याचं गडबडणं पोटात घातलं. कदाचित त्याच गडबडण्यामुळं तो पुढारी वाटला नाही, असंही मला वाटतं.

किती मतांनी आला मग?

बेल २९,३५४, हॅमिल्टन १८,२७७. म्हणजे ११,०७७ नं. आधीच्या निवडणुकीत हॅमिल्टन तिथं जवळजवळ १६ हजारांनी आले होते, म्हणजे विचार करा किती पाणी फिरलं असेल. एकूण १० उमेदवार होते, त्यात एक जण तर झगमगीत बायकी वेशात, उंच टाचा वगैरे घालून उभा होता, निकालाच्या स्टेजवरचं ते चित्र एकदा बघाच. आणि त्या काळी तिकडं मतपत्रिकेवर चिन्हच नसायचं. नाव, पत्ता आणि हवं तर थोडक्यात वर्णन, एवढंच. आपल्याकडच्या अपक्षाला चिन्ह मिळाल्यापासून ते घरोघरी पोचवेपर्यंत जी पळापळ होती ती त्याला नव्हती.

म्हणजे आपल्या विशाल पाटलांसारखंच झालं की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आणि सांगलीत तो येणारच. २०२४ ला सांगलीनंही अपक्ष खासदार दिला, लाखाच्या वर मताधिक्यानं. पण साम्य वरवरचं आहे. विशाल पाटील म्हणजे वसंतदादांचा नातू, घरात राजकारण, काँग्रेसमधून बंड करून उभे राहिलेले, गावोगावी आधीपासून कार्यकर्ते. आणि आघाडीनं इथं माघार तर सोडाच, उलट आपला वेगळा उमेदवार दिला होता. बेलचं सगळं उलटं. टॅटनमध्ये ना घर ना दार, ना नात्यागोत्याचं कुणी, ना कारखाना ना बँक ना दूध संघ. हाताशी प्रचाराला मुलगी, काही दोस्त मंडळी आणि मागं घेतलेल्या पक्षांचे स्थानिक कार्यकर्ते.

एका गोष्टीत मात्र दोन्हीकडं सारखं आहे. पक्षानं दिलेली उमेदवारी लोकांना पटली नाही की सुरक्षित म्हणवणारी जागा पण हातची जाते.

पैसे घेऊन प्रश्न विचारणं, हे आपल्याकडं झालंय का?

झालंय की, आणि त्यांच्या आधीपासून. १९५१ मध्ये एच. जी. मुदगल नावाच्या सदस्यावर बॉम्बे बुलियन असोसिएशन या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांचं काम केल्याचा ठपका आला, हकालपट्टीचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला आणि तो मंजूर होण्याआधीच मुदगल यांनी राजीनामा दिला. मग डिसेंबर २००५. कॅमेरा लपवून केलेलं स्टिंग टीव्हीवर दाखवलं आणि ११ खासदार घरी गेले, १० लोकसभेचे, १ राज्यसभेचा. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. तिकडं चौकशी, दावे, अहवाल असं वर्षानुवर्षं चाललं आणि आपल्याकडं एवढ्या मोठ्या प्रकरणाचा निकाल दोन आठवड्यांच्या आत लावला. नेहमी आपणच मागं असतो असं नाही.

हॅमिल्टन यांचं पुढं काय झालं हेही लगेच सांगतो. निवडणुकीनंतर, जुलै १९९७ मध्ये, संसदेच्या आयुक्तांच्या अहवालात त्यांनी पैसे घेतल्याचे सबळ पुरावे असल्याचं म्हटलं. त्यांनी ते कधीच मान्य केलं नाही, अल फायद यांच्यावर दावा लावला, १९९९ ला हरले आणि पुढं दिवाळखोरीत गेले.

संसदेत जाऊन त्यानं केलं काय? एकटा माणूस काय करणार?

खरं सांगू? फार नाही. ६५९ जणांच्या सभागृहात एकटा. सरकारला १७९ चं बहुमत, म्हणजे ह्याच्या मताची कुणालाच गरज नव्हती. व्हिप नाही, पण मग गट नाही, बोलायला वेळ मागायला कुणी नाही. अपक्षाचं स्वातंत्र्य म्हणतात ते असलं असतं. शेजारी कुणीच नसतं.

पण एक गोष्ट केली. नोव्हेंबर १९९७, नवीन लेबर सरकारला सहा महिने झालेले. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणार म्हणाले आणि फॉर्म्युला वन शर्यतींना त्यातून सूट दिली, आणि मग बाहेर आलं की त्या शर्यतींचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांनी लेबर पक्षाला आधी १० लाख पाउंड दिलेले. पक्षानं पैसे परत केले पण व्हायचा तो बोभाटा झालाच. तेव्हा बेल उभा राहिला आणि थेट पंतप्रधान ब्लेअरना विचारलं की गैरप्रकार झाल्याचा नुसता संशयसुद्धा गैरप्रकाराइतकाच विश्वासाला मारक असतो की नाही, आणि आम्ही एक ड्रॅगन मारला तो तोंडात लाल गुलाब धरलेला दुसरा येऊन बसायला का? लाल गुलाब हे लेबरचं चिन्ह. ज्या पक्षानं माघार घेऊन ह्याला वाट करून दिली त्याच पक्षाच्या पंतप्रधानाला, तेही पहिल्याच वर्षात. वर विचारलेल्या 'अपक्ष कसला' ह्या प्रश्नाचं उत्तर हे.

बाकी खासदारांच्या वर्तणुकीवर नजर ठेवणाऱ्या समितीवर होता. कंटाळवाणं काम, पण त्याच्यासाठी योग्य.

एकाच टर्मचं वचन दिलं होतं ते खरंच पाळलं?

पाळलं. २००१ ला टॅटनमधून उभा राहिला नाही. तिथं परत काँझर्व्हेटिव्हचे जॉर्ज ऑस्बर्न आले, जे पुढं अर्थमंत्री झाले. म्हणजे गड परत गेलाच.

मला विचाराल तर हे वचन म्हणजे त्याची ताकदही होती आणि चूकही. ताकद अशी की लोकांना वाटलं ह्याला खुर्ची नको, हा फक्त साफसफाईला आलाय. चूक अशी की पहिली दोन वर्षं माणूस संसदेतला रस्ता शोधण्यात घालवतो, तिसऱ्या वर्षी कुठं काम कळायला लागतं आणि चौथ्या वर्षी हा सामान बांधायला लागला. आमच्या मेव्हण्याचं म्हणणं उलट, की वचन पाळलं म्हणून तर आज त्याच्याबद्दल लिहितोयस. आमचं ह्यावर अजून पटलेलं नाही.

पण मग २००१ ला दुसरीकडून उभा राहिला ना? ही चलाखीच की.

थोडी आहे, मान्य. तो ब्रेंटवुड अँड ऑंगर इथून उभा राहिला, एसेक्समधून. तिथं एका चर्चच्या लोकांनी काँझर्व्हेटिव्ह पक्षाची स्थानिक शाखा ताब्यात घेतल्याची तक्रार होती. पण ह्या वेळी बाकीच्या पक्षांनी माघार घेतली नाही. एरिक पिकल्स २,८२१ मतांनी जिंकले, बेल दुसरा. नुसत्या सुटावर निवडून येता येत नाही हे तिथं सिद्ध झालं, तरी नवख्या जागी अपक्ष म्हणून एवढ्या जवळ जाणं हेही काही कमी नाही. २००४ ला युरोपियन पार्लमेंटला परत एकदा प्रयत्न केला, जमलं नाही. नंतर युनिसेफसाठी युद्धातल्या मुलांचं काम.

रिपोर्टरनं बाजू घ्यावी का? तो काहीतरी वेगळंच म्हणायचा म्हणे.

हो, आणि निवडणुकीपेक्षा मला हाच भाग मोठा वाटतो. बोस्नियानंतर तो म्हणायला लागला की मी ज्या तटस्थ पत्रकारितेत वाढलो ती आता मला पटत नाही, नुसतं माहीत असून भागत नाही, कळवळाही पाहिजे, मारणारा आणि मरणारा ह्यांच्या मधोमध उभं राहून दोघांना सारखं मोजता येत नाही. ह्यावर त्याच्याच धंद्यातली माणसं तुटून पडली. एकदा कळवळा आला की माणूस सोयीचं तेवढंच दाखवतो, असं त्यांचं म्हणणं, आणि तेही खोटं नाही.

सांगलीकरांना हे सांगायला बोस्निया कशाला पाहिजे? ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर. चॅनेलवाले बोटीतून फिरत होते. त्यातल्या कुणी माइक बाजूला ठेवून म्हातारीला हात दिला असेल तर तो रिपोर्टर म्हणून चुकला का? कुणीच म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं धरणातून पाणी कधी सोडलं, किती सोडलं, हे विचारायचं सोडून नुसते रडणारे चेहरे दाखवले तर? तर चुकला. माझ्या मते कळवळा माइक बाजूला असताना दाखवावा, आणि माइक हातात आला की प्रश्न. बेलला बहुतेक हे पटलं नसतं.

असे टीव्ही-रेडिओवरून संसदेत गेलेले बाकी कोण?

पुष्कळ. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्सिन मॅक्यू, तिथल्या सरकारी चॅनेल एबीसीवर अँकर होत्या, २००७ ला त्यांनी चक्क पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना त्यांच्याच मतदारसंघात पाडलं. आणि २०१० ला स्वतः पडल्या, एका माजी टेनिसपटूकडून. अमेरिकेत माइक पेन्स, काँग्रेसची म्हणजे तिथल्या संसदेची निवडणूक दोनदा हरून रेडिओवर कार्यक्रम करत बसले, २००० ला निवडून आले, पुढं उपराष्ट्राध्यक्ष. अल फ्रँकन, विनोदी कलाकार आणि रेडिओवाले, मिनेसोटातून फेरमोजणी आणि कोर्टातल्या लढाईनंतर ३१२ मतांनी सिनेटवर. ३१२! आमच्याकडं सोसायटीच्या निवडणुकीत बरे फरक असतात. आपल्याकडं सागरिका घोष, टीव्ही अँकर, २०२४ ला तृणमूलकडून राज्यसभेवर गेल्या. पण राज्यसभा म्हणजे आमदार मतं देणार, दारोदार फिरायचं नाही, त्यामुळं ती तुलना मी करत नाही.

मी लोकल चॅनेलला अँकर आहे. मला लोकसभेला उभं राहायचं तर?

वय २५ पूर्ण पाहिजे. अपक्ष असाल तर १० सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाचे असाल तर एकच पुरतो. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीसाठी १२,५००, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त पडली नाहीत तर ती गेली. सरकारी नोकरीत असाल तर आधी राजीनामा. खर्चाची मर्यादा आपल्या राज्यात ९५ लाख, कागदावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अपक्ष निवडून आलात आणि मग कुठल्या पक्षात रीतसर प्रवेश केलात तर पक्षांतरबंदी कायद्यानं खासदारकी जाते. बाहेरून पाठिंबा देता येतो.

माझे रील्सवर दोन लाख फॉलोअर्स आहेत, चालेल का?

त्यातले मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, जतमधले किती ते आधी बघ भावा.

शब्दकोड्याचं काय सांगत होता तुम्ही त्या दिवशी?

हां, ते वेळेअभावी अर्धवट राहिलं होतं. बेलचे वडील एड्रियन बेल, शेतीवर लिहिणारे लेखक. लंडनच्या 'द टाइम्स' पेपरात १९३० ला पहिलं शब्दकोडं आलं ते त्यांनी तयार केलेलं, आणि पुढं वर्षानुवर्षं करत राहिले. बहीण अँथिया बेल ही फ्रेंच आणि जर्मनमधून इंग्रजीत आणणारी नामांकित अनुवादक. म्हणजे घरात सगळे शब्दांवर जगणारे. आणि त्याच घरातला हा, माळावर बाईंनी साधा प्रश्न विचारला तर ह्याला शब्द सापडेनात.